मुलगी जेवत का नाही?



दरवर्षी या अंकात गणेशोत्सवाचा वृत्तान्त आणि खर्चाचा हिशेब आमच्याकडून जातो. यंदा संपादकांकडून तीन पाने जास्त मागून घेतली आहेत, ती वेगळ्याच कारणासाठी. विषय जेवणाचा आहे, पण पाककृतीचा नाही.

२०२३ च्या गणपतीत आपल्या मुलींनी कोळीनृत्य बसवले होते, हे बहुतेकांना आठवत असेल. तालमी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत रविवारी चालत. कपड्यांचे काम आमच्याकडे होते. एका रविवारी मापे घ्यायची ठरली. एकीने टेप धरायची, आकडा मोठ्याने सांगायचा, दुसरीने वहीत लिहायचा, ही आपली वर्षानुवर्षांची पद्धत. मुली रांगेत, आया भिंतीशी खुर्च्यांवर, चहा चाललेला. एका मुलीचा नंबर आला, आकडा सांगून झाला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "हिला नऊवारी पुरायची नाही, अकरावारी आणा!" सगळे हसले. मुलगीही हसली. वाक्य आमचे नव्हते, पण टेप आमच्या हातात होती आणि हसलो आम्हीही.

ती मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती इथल्या हॉस्पिटलात दाखल झाली. नाडी मिनिटाला चाळीसच्या खाली गेली होती. निदान अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा.

त्या एका वाक्याने हे झाले असे आम्ही म्हणत नाही, तिचे डॉक्टरही म्हणत नाहीत. असे आजार एका कारणाने होत नाहीत. स्वभाव, आनुवंशिकता, वय, शाळेतले वातावरण, सगळे त्यात येते. पण तिने स्वतः पुढे आईला जे प्रसंग सांगितले, त्यात तो रविवार होता. हे कळल्यावर गप्प बसणे आम्हाला जमेना. तिच्या आईला विचारले, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा ताई. पण नाव नको. आणि आम्हाला बिचारे म्हणू नका." ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ते घर कोणते, हा शोध कृपया कोणी घेऊ नये.

आधी सगळ्यांना आनंदच झाला होता. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलगी बारीक दिसली. "अगं, काय छान दिसतेस! काय केलंस?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर दोघीतिघींनी तिच्या आईकडे डाएट लिहून मागितले. (त्यात आम्ही होतो की नव्हतो, ते आठवत नाही. असण्याची शक्यता आहे.) याच काळात मुलीने संकष्टी धरली. मग सोमवार. मग गुरुवार, आणि दोन्ही एकादश्या. सांगलीहून आजीचा फोन आला की आजीला कोण कौतुक! परदेशात वाढलेली नात उपास करते! आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस... उपासाला आपण उपाशी कधी राहतो? ही मुलगी राहत होती. खिचडी स्वतः करायची, आईवडिलांना वाढायची, आणि "मी नंतर घेते" म्हणून वर खोलीत जायची.

जिथे जेवणाला "नको" म्हणणे जवळपास अपमान समजतात, अशा आपल्या घरात न जेवण्याचे एकच कारण कोणी प्रश्न न विचारता मान्य करते, ते म्हणजे उपास. हे तिला बरोबर कळले होते. यातून उपास वाईट असा अर्थ काढू नये. आमच्या घरीही चतुर्थी होते. पण वाढत्या वयाची मुलगी एकाएकी आठवड्याचे चार दिवस देवाला देऊ लागली, तर देवाच्या आधी तिच्याकडे बघावे.

आणखी काय काय झाले, ते आईच्या तोंडून ऐकले तसे लिहितो. मुलगी जूनमध्येही स्वेटर घालून बसे. केस न्हाणीघरात गळत. मासिक पाळी बंद झाली. आईला वाटले जीसीएसईचे टेन्शन. जेवणाच्या टेबलावर पोळीचे नखाएवढे तुकडे करून ते पानात इकडून तिकडे फिरवणे चाले. शनिवारी मात्र ती सगळ्या घरासाठी पुरणपोळ्या करी, केक करी, आणि इतरांनी खाल्ल्याशिवाय उठू देत नसे. पाककृतींची कात्रणे तिने वहीत चिकटवली होती. "मला वाटलं, हिला स्वयंपाकाची आवड लागली," आई म्हणाल्या. "मी चार जणींत सांगत होते हो."

या शेवटच्या गोष्टीचा उलगडा एका जुन्या प्रयोगात आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना परत कसे खाऊ घालायचे, हे शोधण्यासाठी. या धडधाकट पुरुषांचे वजन सुमारे चौथाईने उतरले. त्यांना बारीक होण्याची हौस नव्हती, आरशाचे वेड नव्हते. तरीही ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जेवण तासन्‌तास पुरवू लागले, माणसांत मिसळेनासे झाले, चिडके आणि उदास झाले, सतत थंडी वाजू लागली. म्हणजे हट्टीपणा, नाटकीपणा म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्यातले बरेचसे उपासमारीनेच होते. भुकेलेला मेंदू नीट विचार करू शकत नाही. "जरा डोकं वापर" असे अशा मुलीला सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढ म्हणण्यासारखे आहे.

आमच्या नावामागे डॉक्टर आहे ते रसायनशास्त्राचे. (मंडळात आम्हाला रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) त्यामुळे औषधोपचारावर बोलायचा अधिकार नाही. पण शरीरात काय घडते, त्यातला रसायनाचा भाग सांगता येईल, आणि तो सांगण्यासारखा आहे.

पहिले पोटॅशियम. शरीरातले जवळजवळ सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात असते अगदी थोडे, लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. आतबाहेरच्या या फरकावर हृदयाचे ठोके चालतात. वारंवार उलट्या केल्या किंवा जुलाबाची औषधे घेतली की हे प्रमाण घसरते, आणि मग हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. दिसायला माणूस ठीकठाक, वजनही बेताचे, आणि धोका हा असा. उलट काही जणांचे वजन फार उतरलेले असूनही रक्ताचे अहवाल शेवटपर्यंत ठीक येतात. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहेत" एवढ्यावर सुटकेचा श्वास टाकू नये.

दुसरे फॉस्फेट. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या माणसाला प्रेमाने एकदम भरपूर खाऊ घातले तर काय होते? इन्सुलिन वाढते, पेशी रक्तातले फॉस्फेट आत ओढून घेतात, रक्तातले प्रमाण कोसळते, आणि हृदय व श्वास बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे प्रथम ठळकपणे दिसले. म्हणून फार खालावलेल्या मुलीला घरच्या घरी तूप-साखर-लाडूंचा मारा करून 'बरी' करायला जाऊ नये. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी.

तिसरे दात. जठरातल्या रसाचा पीएच एक-दोनच्या आसपास. दातांवरचे एनॅमल पीएच साडेपाचच्या खाली विरघळू लागते. उलट्या करणाऱ्यांच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते, त्यामुळे पुष्कळदा हा आजार पहिल्यांदा दंतवैद्याच्या लक्षात येतो. दंतवैद्याने असे काही विचारले तर रागावू नये.

"आमच्यात असलं काही नसतं, मिस." शाळेतल्या बाईंनी फोन केला तेव्हा आई हेच म्हणाल्या होत्या. पीटीच्या तासाला मुलीला घेरी आली होती. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच उत्तर दिले असते. हा गोऱ्यांचा आजार, श्रीमंतांचे चोचले, मासिकातल्या मॉडेलची फॅशन. लोकांना हे नाव माहीत झाले तेही राजवाड्यामुळे: नोव्हेंबर १९९५ मध्ये राजकन्या डायनाने बीबीसीच्या मुलाखतीत स्वतःच्या बुलिमियाबद्दल सांगितले तेव्हा.

पण आजार मासिकांपेक्षा जुना आहे. रिचर्ड मॉर्टन या इंग्लिश वैद्याने १६८९ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते, आणि त्यात एक मुलगाही होता. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनच्या सर विल्यम गल यांचे, १८७३-७४ मधले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लासेग यांनीही हेच मांडले. खूप खाऊन मग ते काढून टाकण्याच्या प्रकाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिले. या बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण असते, म्हणून तो वर्षानुवर्षे लपतो. मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त मृत्यू ज्यांत होतात त्यांपैकी एक म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मेलेल्या दर पाच रुग्णांमागे एकाने आत्महत्या केलेली आढळली. ही चोचल्यांची गोष्ट नव्हे.

आणि 'आमच्यात नसते' म्हणाल तर तेही खरे नाही. इथल्याच ब्रॅडफर्डमध्ये मम्फर्ड आणि व्हाइटहाउस यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, ती १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. आशियाई मुलींमध्ये बुलिमियाचे प्रमाण ३.४ टक्के निघाले, गोऱ्या मुलींमध्ये ०.६. संख्या लहान होत्या, आणि त्या घरांत मराठी कुटुंबे फारशी नसणार. पण १९९१ मध्ये मम्फर्ड यांनी त्यापुढचे जे छापले ते वाचून आम्ही चमकलो. आपला समज असा की मुली 'इंग्रजाळल्या' म्हणून हे होते. त्यांना आढळले उलटेच. ज्या आशियाई मुलींचे घर जास्त परंपरेला धरून होते, त्यांच्यात खाण्याविषयीची आणि शरीराविषयीची काळजी जास्त होती. घरात एक जग, शाळेत दुसरे, आणि दोन्हीकडे परीक्षा द्यायची. स्वतःच्या हातात काय उरते? पानातला घास.

बाहेरचे जग काय करते हेही खरेच आहे. फिजी बेटांवर अंगाने भरलेले असणे ही शोभा मानत. येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला हाक मारणे, आग्रह करणे ही तिथलीही रीत. १९९५ मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही आल्या आल्या आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या वेळी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. घरात एक टीव्ही असतानाची ही गोष्ट. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

आपल्याकडचेही पाहा. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय या दोघी एकाच वर्षी जगत्सुंदरी झाल्या, आणि घरोघरच्या मुलींना नवे माप मिळाले. २००८ च्या 'टशन'नंतर 'साइझ झीरो' हा शब्द आपल्या आत्याबाईंनाही कळू लागला. गोरेपणाच्या क्रीमने २०२० मध्ये नावातले 'फेअर' काढले, पण स्थळांच्या यादीतले 'गोरी, सडपातळ' कुठे गेले? आपल्याच मंडळाच्या वधूवर फॉर्मवर 'बांधा' असा रकाना आहे. तो कोणी, कधी घातला हे समितीत कोणाला सांगता आले नाही.

आमच्या मते आपली खरी गंमत (गंमत कसली!) ही की आपण दोन्ही गोष्टी एका श्वासात करतो. "घे गं आणखी एक मोदक, माझी शप्पथ आहे," आणि तो तिने घेतला की, "जरा बेताने हो, पुढे लग्नाची आहेस." भारतात सुट्टीला गेले की विमानतळावरच निकाल लागतो: "सुटलीस की गं!" नाहीतर "किती वाळलीस, आई जेवायला घालत नाही वाटतं?" बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे आम्ही अगदी मान्य करतो. आपल्याकडे तब्येतीवर बोलणे म्हणजे चौकशी करणे. पण इथे वाढलेल्या मुलामुलींना ती चौकशी वाटत नाही. मराठी त्यांना कळते, त्यामागची माया प्रत्येक वेळी कळतेच असे नाही.

मुलामुलींना म्हटले ते चुकून नव्हे. मुलग्यांचे उलट्या दिशेने चालते: दंड हवेत, पोटावर चौकोन हवेत. डबे भरभरून प्रोटीन पावडर, घरची आमटीपोळी बंद, व्यायाम चुकला की दिवसभर बेचैनी. याकडे 'व्यायामाची आवड' म्हणून आपण कौतुकाने बघतो. इथे एक रसायन नावानिशी सांगणे आमचे कर्तव्य आहे: डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते वापरत, आणि कामगार त्याने वाळत आणि मरत. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या टेन्टर यांनी ते वजन घटवण्यासाठी पुढे आणले, १९३८ मध्ये अमेरिकेने ते माणसांसाठी अयोग्य ठरवले. पेशी अन्न जाळून जी ऊर्जा साठवते ती साखळीच ते तोडते, आणि सगळी ऊर्जा नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. माणूस आतून तापत जातो. त्यावर उतारा नाही. ब्रिटनमध्ये तरुण मुलेमुली याने दगावली आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून ते इथे कायद्याने नियंत्रित विष आहे. चोरून विकले जातेच. घरात पिवळी पूड किंवा बिननावाच्या कॅप्सूल दिसल्या तर गप्प बसू नका.

आता उपायाचे. पहिली पायरी जीपी. आपले जीपी बरेचदा भारतीय, क्वचित ओळखीचेही असतात, म्हणून लोक बिचकतात. पण रुग्णाची गोष्ट बाहेर न सांगण्याचे बंधन त्यांच्यावर आहे, गणपतीत भेटले तरी आहे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ मध्ये ठरलेली मुदत अशी की तातडीचे असेल तर एका आठवड्यात, नाहीतर चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. मुदत नेहमी पाळली जाते असे नाही, तेव्हा पाठपुरावा करावा, आणि तारखा लिहून ठेवाव्यात. घेरी येणे, छातीत धडधडणे किंवा दुखणे, पाणीही न पिणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काही असेल तर थांबू नये, सरळ ए अँड ई गाठावे. आईवडिलांचे इंग्रजी बेताचे असेल तर दुभाषा मागावा, तो मिळतो. आजारी मुलीलाच दुभाषा करू नये. तिने काय भाषांतर केले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. 'बीट' ही संस्था १९८९ पासून इथे याच आजारांसाठी काम करते, कुटुंबीयांशीही बोलते.

लहान वयाच्या रुग्णांसाठी आज जी पद्धत आधी वापरतात ती १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात तयार झाली. तिचा गाभा आपल्याला पटण्यासारखा आहे: दोष कोणाचा हे शोधत बसायचे नाही, आईवडील हेच उपचाराचे मुख्य हात, काय आणि किती खायचे हे काही काळ तेच ठरवतात आणि शेजारी बसून खाऊ घालतात. या घरात वडिलांनी तीन महिने रात्रपाळी सोडली. सकाळचा नाश्ता ते करत, दुपारी आई शाळेत जाऊन गाडीत मुलीबरोबर डबा खात. एका वरणभाताला दीड तास लागे. ताट भिंतीवर गेले, असेही एकदा झाले. "आरडाओरडा शेजारी ऐकत असतील याची लाज आधी गेली, मग जरा सोपं झालं," वडील म्हणाले.

अडचण आली ती कागदाची. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या तक्त्यात टोस्ट, पास्ता, चीज सँडविच. आई म्हणाल्या, आम्ही तूपभात, थालीपीठ, शिरा खातो, त्याचे काय? बाईंना माहीत नव्हते, पण त्यांनी मनापासून विचारून घेतले. तेव्हा आई आमच्याकडे आल्या. एका शनिवारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात तराजू घेऊन बसलो आणि त्यांची पोळी, त्यांची वाटी, त्यांचा पळीभर तूप असे सगळे वजन करून एक तक्ता केला. (प्रयोगशाळेत इतक्या काळजीने वजने घेतल्याचे आठवत नाही.) तो बाईंनी तपासून वापरला. तो फक्त आईवडिलांसाठी होता, मुलीला दाखवला नाही. आकड्यांपासून तिला दूर ठेवायचे होते. अशी वेळ आणखी कोणावर आली तर आहारतज्ज्ञांना दाखवायला त्याची प्रत आमच्याकडे आहे, कारण न विचारता देऊ.

बोलायचे काय, हे सगळे विचारतात. शरीरावर बोलू नये, चांगलेसुद्धा. "आता कशी छान भरलीस" हे अशा मुलीला "जाड झालीस" असेच ऐकू येते. "एवढं खाल्लंस, शाब्बास" नको. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाबद्दल, डाएटबद्दल, वजनाच्या इंजेक्शनांबद्दल गप्पा नकोत. बाकी जग मोठे आहे.

हे समितीच्या बैठकीत मांडले तेव्हा सगळ्यांना पटले असे नाही. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "म्हणजे आता थट्टाही करायची नाही का? आमच्या वेळी मला सगळे काडी पैलवान म्हणायचे, मी काय मेलो?" त्यांना उत्तर देणे अवघड होते, कारण ते खरेच मेले नाहीत. मग त्यांच्या सौभाग्यवतींनी सर्वांसमक्ष सांगितले की काका पन्नास वर्षांत कधी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत नाहीत. काका काही बोलले नाहीत. ठराव झाला.

त्याप्रमाणे वधूवर फॉर्मवरचा 'बांधा' हा रकाना पुढच्या छपाईपासून जाईल. महाप्रसादाला वाढणाऱ्यांनी एकदा विचारायचे, दुसऱ्यांदा नाही. हे पाळणे सर्वांत कठीण जाईल, आम्हालासुद्धा. आणि कपड्यांची मापे यापुढे बाजूच्या लहान खोलीत, एकेकीला आत बोलावून, आकडा न उच्चारता चिठ्ठीवर. ज्यांना घरूनच माप आणायचे त्यांनी तसे आणावे.

यंदाच्या तालमी जुलैच्या पहिल्या रविवारी दोन वाजता सुरू होतील. ती मुलगी आता सतरा वर्षांची आहे, ए-लेव्हलला आहे, दर पंधरा दिवसांनी क्लिनिकला जाते. मधे एकदा पुन्हा घसरली होती, सावरते आहे. नाचणार नाही म्हणाली, पण पडद्यामागे संगीताचे काम बघायला येईन म्हणाली आहे. येईलच असे नाही. आली तर ती कशी दिसते हे कोणी बोलू नये, अशी तिच्या आईची विनंती आहे. ती सध्या गाडी शिकते आहे आणि रिव्हर्स पार्किंगला वैतागली आहे. त्याबद्दल विचारलेले तिला चालते.